आयएल-२ टी पेशींना वाढवतं, मग तेच त्यांना आवरतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी प्लेटमध्ये साध्या टी पेशी आणि टी-रेग, म्हणजे नियामक टी पेशी, एकत्र वाढवल्या. टी-रेग घातल्यावर साध्या पेशींचं विभाजन थांबलं. मग गाईडच्या सांगण्यावरून बाहेरून आयएल-२ (इंटरल्यूकिन-२, टी पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते प्रथिन) घातलं, तर दबाव उठला आणि त्या पुन्हा वाढायला लागल्या. पुस्तकात मात्र लिहिलंय की आयएल-२शिवाय टी-रेग जगत नाहीत आणि आयएल-२ नसलेल्या उंदरांना स्वयंप्रतिकार आजार होतो. मग आयएल-२चा रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन, टी पेशींना चालू करतो की बंद?

दोन्ही करतो. पण तोंडी परीक्षेत एवढंच उत्तर दिलंत तर पुढचा प्रश्न "कसं?" असाच येणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी वीसेक वर्षं फ्लो सायटोमीटरसमोर (रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) गेली, बहुतेक किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या रक्तावर. सायटोकाइनचे (आयएल-२सारख्या निरोप्या प्रथिनांचे) "वाढवणारे" आणि "दाबणारे" असे दोन रकाने पाठ करून मीही या क्षेत्रात आलो होतो. ते रकाने विसरायला बराच वेळ लागला. संदेश एकच असतो. तो कुणाच्या अंगावरच्या रिसेप्टरवर पडला, तिथे रिसेप्टर किती होते आणि किती वेळ चालू राहिले, यावर त्याचा परिणाम ठरतो.

आधी रिसेप्टरची रचना पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. आयएल-२च्या रिसेप्टरला तीन साखळ्या असतात: अल्फा म्हणजे सीडी-२५, बीटा म्हणजे सीडी-१२२, गॅमा म्हणजे सीडी-१३२. पेशीच्या आत निरोप पोचवतात त्या बीटा आणि गॅमा. बीटाच्या शेपटीला जॅक-१ हे निरोप पुढे ढकलणारं एन्झाइम चिकटलेलं असतं, गॅमाच्या शेपटीला जॅक-३. अल्फाची आतली शेपूट जेमतेम १३ अमिनो आम्लांची, तिच्यातून निरोप जात नाही. तिचं काम पकडायचं. बीटा-गॅमा या जोडीला आयएल-२ पकडायला साधारण १ नॅनोमोलर इतकं प्रमाण लागतं. सोबत अल्फा असेल तर १० पिकोमोलरच्या (पिको म्हणजे नॅनोचा हजारावा भाग) आसपास भागतं. म्हणजे शंभरपट फरक.

या शंभरपटीचा अर्थ ज्याने चाळीत किंवा जुन्या सोसायटीत दिवस काढलेत त्याला लगेच कळेल. सकाळी तासभर पाणी येतं. सगळ्यांचे नळ सारखेच, पण तळमजल्यावरच्या एकाने पाइपलाच मोटर जोडलेली असते. त्याची टाकी भरेपर्यंत वरच्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसतो. टी-रेगच्या अंगावर सीडी-२५ची मोटर कायम बसवलेली असते. साध्या, अजून न चेतवलेल्या टी पेशीवर ती जवळपास नसतेच. चेतवल्यावर येते आणि काही दिवसांनी पुन्हा उतरते.

त्यात आणखी एक गंमत. टी-रेगची ओळख ज्या प्रथिनामुळे, ते फॉक्सपी-३, आयएल-२चं जनुक दाबून ठेवतं. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात मोठी मोटर, त्याची स्वतःची विहीर नाही! त्याला शेजाऱ्याच्याच पाण्यावर जगायचंय. शेजारी कोण, तर नुकतीच चेतवली गेलेली साधी टी पेशी. ती आयएल-२ सोडायला लागली की जवळचे टी-रेग ते ओढून घेतात, त्यांच्या आत स्टॅट-५ (निरोप जनुकांपर्यंत नेणारं प्रथिन) चालू होतं, स्टॅट-५ फॉक्सपी-३च्या आणि सीडी-२५च्या जनुकांवर जाऊन बसतं, आणि मोटर आणखी मोठी होते. ओढलेलं आयएल-२ बीटा-गॅमासकट पेशीच्या आत जाऊन मोडीत निघतं, पण अल्फा साखळी पुन्हा वर येते, पुढचा रेणू पकडायला मोकळी. हल्ला जितका जोरात, तितकं जास्त आयएल-२, तितकी आवरणारी फौज मोठी.

आता तुमची प्लेट. एका खाचेत जेमतेम २०० मायक्रोलिटर द्रव. साध्या पेशी आयएल-२ सोडतायत, टी-रेग ते पितायत, साध्या पेशींपर्यंत पुरेसं पोचत नाही. तुम्ही बाहेरून भरपूर आयएल-२ ओतलंत म्हणजे खाचेत पूर आणलात. पुरात मोटर कुणाकडे आहे याला काही अर्थ उरत नाही, सगळ्यांच्याच टाक्या भरतात. त्या वेळी टी-रेगही जोमाने विभाजित होत असतात, त्यांच्यावर वेगळा रंग लावून बघा. तेव्हा "आयएल-२मुळे टी-रेग निकामी झाले" असं वहीत लिहिलं असेल तर खोडा. शरीरात असा पूर सहसा येत नाही. लिम्फ नोडमध्ये आयएल-२ सोडणाऱ्या पेशीपासून काही पेशींच्या अंतरातच ते पिऊन संपतं.

तहानेने टी पेशी मरते म्हणजे काय होतं, हे मी एकदा स्वतःच्या निष्काळजीपणाने पाहिलंय. चेतवलेल्या पेशी वाढवत होतो. तीन दिवसांनी त्या फुगून टपोऱ्या होतात, सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडांसारखे पुंजके दिसतात, आणि माध्यमाचा लाल रंग पिवळ्याकडे झुकायला लागतो. शनिवारी माध्यम बदललं आणि आयएल-२ घालायचं राहिलं. सोमवारी सकाळी पुंजके सुटलेले, पेशी आक्रसलेल्या, कडेला बारीक काळी भुकटी. माध्यम मात्र छान लालच, कारण खाणारंच कुणी उरलं नव्हतं. पेशींना विष कुणी घातलं नव्हतं. आयएल-२चा निरोप थांबला की बिम नावाचं प्रथिन डोकं वर काढतं आणि पेशी स्वतःच स्वतःला मोडते. २००७ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की टी-रेगही शेजारच्या पेशींना नेमकं याच मार्गाने, आयएल-२ हिरावून, मारू शकतात.

उंदरांची गोष्ट इथे नीट बसते. आयएल-२चा शोध १९७६चा, टी पेशींना प्रयोगशाळेत वाढवणारा घटक म्हणून. साहजिकच सगळ्यांची अपेक्षा होती की तो काढला तर टी पेशी वाढणार नाहीत. १९९३ मध्ये आयएल-२ नसलेल्या उंदरांना आतड्याचा दाह झाला. १९९५ मध्ये अल्फा नसलेल्या आणि बीटा नसलेल्या उंदरांचे निकाल आले: टी पेशी बेसुमार वाढलेल्या, स्वयंप्रतिकार आजार. त्याच वर्षी जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी दाखवलं की उंदराच्या टी पेशींतून सीडी-२५ असलेल्या तेवढ्या वगळून उरलेल्या, टी पेशी नसलेल्या उंदरात घातल्या तर त्याचं शरीर स्वतःवरच उलटतं. त्यांनी सीडी-२५ वापरलं ते ओळखीची खूण म्हणून. ती खूण म्हणजेच यंत्र आहे, हे उलगडायला पुढची काही वर्षं गेली. २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने फॉक्सपी-३चं जनुक शोधलं, आणि २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. माणसातही १९९७ मध्ये सीडी-२५ नसलेल्या बाळाची नोंद झाली: जंतुसंसर्ग वारंवार आणि अवयवांत लिम्फोसाइटची गर्दी, दोन्ही एकाच बाळात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर तेच आहे.

गॅमा साखळी गेली तर मात्र चित्र पूर्ण वेगळं. ती एकट्या आयएल-२ची नाही. आयएल-४, ७, ९, १५ आणि २१ या सगळ्यांच्या रिसेप्टरमध्ये तीच. तिच्यातला दोष म्हणजे एक्स गुणसूत्रावरचा एससीआयडी (प्रतिकारशक्ती जवळपास नसण्याचा आजार), जन्मतःच टी पेशी जवळपास शून्य. आपल्याकडे बाळाला जन्मल्यावर लगेच बीसीजी देतात, आणि अशा बाळात त्या लशीतलाच जिवंत जंतू अंगभर पसरू शकतो. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था अशा जन्मजात दोषांचं निदान करते. तुमच्यापैकी कुणाला या विषयात पुढे जायचं असेल तर तिथलं काम वाचा.

एक सावधगिरी. टी-रेग फक्त पाणी चोरून आवर घालतात असं समजू नका. त्यांच्या अंगावरचं सीटीएलए-४ हे प्रथिन, प्रतिजन (टी पेशीने ओळखायचा तुकडा) दाखवणाऱ्या पेशींवरून सीडी-८० आणि सीडी-८६ ही टी पेशींना चेतवणारी प्रथिनं अक्षरशः ओरबाडून नेतं, तो मार्ग वेगळाच. कशाचा वाटा किती, हे २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रुडेन्स्की गटाने फार हुशारीने सोडवलं. त्यांनी टी-रेगवरचा आयएल-२ रिसेप्टर काढला, पण आतलं स्टॅट-५ कायम चालू ठेवलं. म्हणजे टी-रेग जिवंत आणि धडधाकट, फक्त पिऊ शकत नाहीत. अशा टी-रेगनी सीडी-४ (मदतनीस) टी पेशी आवरल्या, सीडी-८ (मारेकरी) टी पेशी मात्र त्यांना आवरेनात. म्हणून तुमच्या प्लेटमध्ये "साध्या पेशी" म्हणजे नेमक्या कोणत्या घेतल्या होत्या, हे निकालात लिहायलाच हवं.

आता दुसरा भाग: साध्या पेशीला निरोप पोचला तर तोच निरोप तिलाही आवरतो. हे लोक विसरतात. आयएल-२ भरपूर पिऊन वाढलेल्या टी पेशीला पुन्हा जोरात प्रतिजन दिसलं तर फास या रिसेप्टरमार्फत ती मरते. १९९१ मध्ये संशोधक मायकेल लेनार्डो यांनी दाखवलं की या मरणाची तयारी आयएल-२च करून ठेवतं. शिवाय आयएल-२चं स्टॅट-५ हे स्टॅट-३ला डीएनएवरच्या काही जागांवरून हुसकावतं, त्यामुळे दाह पेटवणाऱ्या टीएच-१७ पेशी कमी बनतात. आणि तिसरं, निरोप आत गेला की पेशी स्वतःच त्याला लगाम घालणारी प्रथिनं तयार करते. त्यांचं नाव सॉक्स (पायातल्या मोज्यांशी संबंध नाही). सॉक्स-१ जॅकवर बसून त्याचं काम थांबवतं. ते नसलेली उंदराची पिल्लं तीन आठवड्यांतच दगावतात, आणि इंटरफेरॉन-गॅमा हे दाह वाढवणारं सायटोकाइन रोखलं तर वाचतात. लगामाचं मोल एवढं.

सॉक्स-३चा किस्सा तर मी दर बॅचला सांगतो. आयएल-६ आणि आयएल-१०, दोघांचेही रिसेप्टर स्टॅट-३च चालू करतात. एक दाह वाढवतो, दुसरा विझवतो. कसं? आयएल-६च्या रिसेप्टरवर सॉक्स-३ला बसायला जागा आहे, म्हणून तो निरोप थोड्याच वेळात बंद होतो. आयएल-१०च्या रिसेप्टरवर तशी जागा नाही, म्हणून तिथे स्टॅट-३ रेंगाळत राहतं. मॅक्रोफेजमधून (जंतू गिळणाऱ्या पेशींतून) सॉक्स-३ काढून टाकलं तर आयएल-६सुद्धा आयएल-१०सारखं दाह विझवायला लागतं. तेच स्टॅट-३, फरक फक्त किती वेळ.

आयएल-१०बद्दल इथे एवढंच पुरे, कारण ते टी पेशींना दाबतं ते बहुतांशी आडून, प्रतिजन दाखवणाऱ्या पेशींचं तोंड बंद करून. त्याच्या रिसेप्टरमध्ये दोष असलेल्या बाळांना जन्मानंतर काही महिन्यांतच आतड्याचा भयंकर दाह होतो, हे २००९ पासून माहीत आहे.

टीजीएफ-बीटा हे सायटोकाइन मात्र थेट टी पेशीलाच गाठतं. त्याच्या रिसेप्टरला जॅक लागत नाही, तो स्वतःच स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या निरोप नेणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतो. ते स्मॅड-४ला घेऊन केंद्रकात जातात आणि आयएल-२चं जनुक, हल्लेखोर पेशी घडवणारं टी-बेट यांना खाली ओढतात. टीजीएफ-बीटा नसलेले उंदीर ३-४ आठवड्यांत सर्वांगाच्या दाहाने मरतात. आणि इथेही तेच: कोऱ्या टी पेशीला टीजीएफ-बीटासोबत आयएल-२ मिळालं तर ती टी-रेग बनते, आयएल-६ मिळालं तर टीएच-१७. सोबत कोण आहे ते पाहिल्याशिवाय टीजीएफ-बीटाला "दाबणारं" म्हणू नका.

औषधांकडे वळतो, कारण माझा रोजचा संबंध तिथे. किडनी बसवताना अनेक रुग्णांना बॅसिलिक्सिमॅब देतात, त्या दिवशी २० मिलिग्रॅम आणि चौथ्या दिवशी पुन्हा २०. हे प्रतिपिंड सीडी-२५ झाकतं, महिना-दीड महिना. नवखा असताना अशाच एका रुग्णाचा नमुना माझ्याकडे आला आणि मी "टी-रेग आढळले नाहीत" असा रिपोर्ट लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी रिपोर्ट परत पाठवून एकच विचारलं, "पेशी नाहीत की दिसत नाहीत?" माझं रंगाचं प्रतिपिंड सीडी-२५वर ज्या जागी बसायचं, तिथे औषध आधीच ठाण मांडून होतं. फॉक्सपी-३ रंगवून पाहिलं तर टी-रेग तिथेच होते. तेव्हापासून मी सीडी-२५वर एकट्यावर भरवसा ठेवत नाही. सीडी-१२७, म्हणजे आयएल-७च्या रिसेप्टरची अल्फा साखळी, सोबत लावतोच. टी-रेगवर ती कमी असते.

मग सरळ प्रश्न: सीडी-२५ झाकलं तर टी-रेगचीही मोटर बंद होते, मग किडनी वाचते कशी? कारण सुरुवातीच्या आठवड्यांत धोका असतो तो नव्याने चेतवलेल्या हल्लेखोर पेशींचा, आणि त्यांनाही नेमकी तेव्हाच मोटर लागते. हा हिशोब काही दिवसांपुरता फायद्याचा, कायमचा नाही. रोजच्या टॅक्रोलिमस या औषधाचंही असंच. ते कॅल्सिन्यूरिन हे एन्झाइम अडवतं, त्यामुळे आयएल-२ तयारच होत नाही, म्हणजे विहिरीलाच कुलूप, आणि टी-रेगही तहानलेले राहतात. सिरोलिमस हे दुसरं औषध रिसेप्टरच्या खालच्या बाजूला एमटॉर या पेशीची वाढ चालवणाऱ्या एन्झाइमवर काम करतं. टी-रेगमध्ये पीटेन हे प्रथिन त्या फांदीला आधीच आवरून धरतं आणि त्यांचा भार मुख्यतः स्टॅट-५वर असतो, म्हणून सिरोलिमसचा त्यांना तेवढा फटका बसत नाही. तरी जखम भरायला वेळ लागणं, तोंडात फोड येणं, असे सिरोलिमसचे स्वतःचे त्रास आहेत. टी-रेग वाचतात एवढ्या कारणाने गोळी बदलत नाहीत.

सीडी-२५ झाकणारंच दुसरं प्रतिपिंड, डॅक्लिझुमॅब, मल्टिपल स्क्लेरोसिससाठी २०१६ मध्ये मंजूर झालं आणि मेंदूच्या दाहाच्या घटनांमुळे २०१८ मध्ये मागे घेतलं गेलं. पुस्तकातली एक ओळ पुरेशी मानून औषध वर्षानुवर्षं देता येत नाही, याचं हे ठळक उदाहरण.

उलटं टोक म्हणजे आयएल-२च औषध म्हणून देणं. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी ते १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं: दर किलोमागे ६ लाख युनिट, दर आठ तासांनी. थोड्या रुग्णांचा आजार वर्षानुवर्षं परतला नाही, पण रक्तवाहिन्या पाझरून रुग्ण अतिदक्षता विभागात जाण्याइतका त्रास व्हायचा. २०११ मध्ये तोच रेणू अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या जीव्हीएचडीत (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो आजार) दिला गेला, रोज दर चौरस मीटरला १० लाख युनिट. ६० किलोच्या माणसाचा दिवसाचा हिशोब मांडून बघा, ६०-७० पटींचा फरक पडतो. कमी मात्रेत फक्त मोटरवाल्यांना पाणी मिळालं, टी-रेग वाढले, आणि बऱ्याच रुग्णांचा आजार निवळला. तुमच्या प्लेटमधला प्रयोगच माणसात केल्यासारखा!

यावरून कुणाला वाटेल की अल्फाला टाळून फक्त बीटा-गॅमाकडे जाणारं आयएल-२ बनवलं की कर्करोगाचं काम फत्ते. तसं एक औषध, बेम्पेगअल्डेसल्यूकिन, बनलंही. २०२२ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. शरीरातला हिशोब दोन रकान्यांत मावत नाही.

पाण्याच्या रांगेचं तत्त्व मात्र कार-टी उपचारात (टी पेशींना कर्करोग ओळखणारा रिसेप्टर बसवून त्या रुग्णाला देतात) रोज कामाला येतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली आपली देशी कार-टी, नेक्सकार-१९, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. कोणत्याही कार-टी पेशी देण्याआधी रुग्णाला साधारणपणे फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड देतात. नातेवाईक विचारतात, नवीन पेशी देताय तर आधी केमो कशाला? एक मोठं कारण हे की रुग्णाच्या जुन्या टी पेशी, टी-रेग धरून, आयएल-७ आणि आयएल-१५ पिऊन टाकत असतात. रांग रिकामी केली की नव्या पेशींना भरपूर मिळतं.

तुमच्या प्रयोगाबद्दल शेवटचं. आयएल-२ "घातलं" आणि "नाही घातलं" असे दोनच रकाने ठेवू नका, ०.१, १, १० आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशी पायरी लावा. १५ मिनिटं ३७ अंशांवर ठेवून लगेच फिक्स करा (रसायनाने पेशी आहेत तशा स्थिर करा), आणि दोन्ही प्रकारच्या पेशींत फॉस्फेट चढलेलं स्टॅट-५ मोजा. टी-रेगमध्ये ते साध्या पेशींच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही कमी मात्रेत उजळलेलं दिसेल. या पद्धतीत पेशींना भोकं पाडायला थंड मिथेनॉल वापरतात, आणि मिथेनॉलआधी लावलेला पीई रंग त्यात मरतो. सीडी-२५ पीईवर घेतलं असेल तर ते मिथेनॉल धुऊन काढल्यावर लावा, आणि तुमचं प्रतिपिंड मिथेनॉलनंतरही बसतं का हे आधी एका नळीवर तपासून घ्या.